सूर्यप्रकाश, उत्प्रेरक आणि रंगीत सांडपाणी

पनवेल तालुक्यातील आपटा हे गाव पाताळगंगेच्या काठी वसले आहे. शेजारच्या रसायनी येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने अनेक वर्षे नायट्रोबेंझीन व अ‍ॅनिलीन तयार केले. तेथील बहुतेक उत्पादन बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१७ साली घेतला. अ‍ॅनिलीन हे अनेक अ‍ॅझो रंगांचे मूळ द्रव्य होय. यास्तव रंगीत सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा प्रश्न या परिसरात केवळ ग्रंथगत राहत नाही.

अ‍ॅझो रंगातील वर्ण, दोन नायट्रोजन अणूंमधील दुहेरी बंध व त्यास जोडलेली बेंझीन-वलये यांच्या संयोगाने उत्पन्न होतो. प्राणवायूविरहित टाकीत जिवाणू हा बंध तोडतात व पाणी वर्णहीन होते. परंतु वलये शाबूत राहून अ‍ॅरोमॅटिक अमाइने मागे उरतात, आणि त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. अर्थात, वर्णनाश म्हणजे शुद्धी नव्हे.

या ठिकाणी प्रकाश-उत्प्रेरण उपयोगी पडते. टायटेनियम डायऑक्साइडवरील प्रकाशाने पाण्याचे विघटन घडविता येते, हे फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली दाखविले. या द्रव्याच्या अ‍ॅनाटेज रूपात ऊर्जा-अंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. सुमारे ३८८ नॅनोमीटरहून आखूड लहरीचा प्रकाश पडला असता इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो व मागे धनभारित विवर राहते. इलेक्ट्रॉन विरघळलेल्या प्राणवायूस मिळतो. विवरामुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो. हा मूलक वलयेही फोडतो, आणि पुरेसा अवधी मिळाल्यास कार्बन डायऑक्साइड, पाणी व खनिज क्षार एवढेच उरतात.

तथापि सूर्यप्रकाशात अशा अतिनील किरणांचा वाटा शेकडा चार-पाच इतकाच असतो. गडद पाण्यात प्रकाश खोल जात नाही, क्लोराइड व बायकार्बोनेट मूलकांना गिळतात, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असते. म्हणून ही क्रिया जैविक प्रक्रियेनंतर, अखेरची पायरी म्हणून योजणेच इष्ट ठरते.

प्रयोगशाळेतील परीक्षणाविषयीही सावधगिरी हवी. रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषून उत्प्रेरकास इलेक्ट्रॉन देतो व फिका पडतो. शोषणमापकावर हे यश भासते, पण वलये तशीच राहिलेली असू शकतात. यास्तव एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, हे मोजल्यावाचून कोणताही निष्कर्ष मांडू नये. नदीत जे जाते ते डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाहून अधिक असते.