ज्वालामुखी निर्दोष कसा ठरतो

गेल्या खेपेस क्योटोच्या हवामान-कराराच्या दाराशी येऊन आपण थांबलो होतो आणि आज आत प्रवेश करावयाचा असे मी कबूल केले होते. परंतु मधल्या टपालात साताऱ्याच्या एका सेवानिवृत्त शिक्षकांचे पत्र आले, आणि त्यांचा प्रश्न इतका नेमका आहे की, त्याचा निकाल लावल्यावाचून करारमदारांच्या दफ्तरात शिरणे मला प्रशस्त वाटत नाही. ते लिहितात की, हवेतील कर्बवायूची जी मोजणी आपण इतक्या भक्तिभावाने सांगता ती हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर होते. मौना लोआ हा जागता ज्वालामुखी, आणि ज्वालामुखी तर कर्बवायू ओकतोच. तेव्हा हे पिठाच्या गिरणीत बसून हवेतली धूळ मोजण्यासारखे नव्हे काय? आणि हवेत साठणारा वायू पृथ्वीच्या पोटातून येत असेल, तर तो कोळशाच्या खाती कोणत्या पुराव्याने मांडता?

पहिल्या शंकेचे निरसन सोपे आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च 1958 मध्ये जेथे मोजणी सुरू केली ती वेधशाळा पर्वताच्या उत्तर उतारावर सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे, आणि काही रात्री वारा शिखरावरून खाली वाहू लागला म्हणजे तेथील विवरांचा वायू खरोखरच यंत्रापर्यंत येतो. पण त्या वेळी आलेख पिसाटासारखा वरखाली उड्या घेतो, उलट समुद्रावरून आलेल्या स्वच्छ हवेत तो तासन् तास जवळजवळ सपाट राहतो. म्हणून तसल्या रात्रींचे आकडे ओळखून बाजूला काढण्याची शिस्त कीलिंग यांनी प्रारंभापासूनच घालून दिली. शिवाय दक्षिण ध्रुवावरील मोजणीही तीच वाढ दाखविते. आणि ध्रुवापर्यंत तरी कशाला जावे? आपल्या गोव्यात, काणकोण तालुक्यातील काब द राम येथे, समुद्रात घुसलेल्या कड्यावर 1993 पासून कित्येक वर्षे काचेच्या कुप्यांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेकडे रवाना होत असे. पावसाळ्यात त्या कड्यावर थेट हिंदी महासागरावरून आलेली हवा लागते आणि हिवाळ्यात देशावरून उतरलेली, त्यामुळे एकाच जागी उभे राहून सागराची आणि खंडाची अशी दोहोंची हवा तपासता येते; जागेची ही निवड ज्यांनी केली त्यांच्या रसिकतेला माझा नमस्कार.

दुसरी शंका मात्र खोल आहे. जगातील सर्व ज्वालामुखी मिळून जितका कर्बवायू सोडतात तो मनुष्याने जाळलेल्या इंधनांच्या वायूच्या एक टक्काही भरत नाही, आणि मनुष्याचा वाटा आता दरसाल साडेतीन हजार कोटी टनांच्या पुढे गेला आहे, एवढे सांगून मला मोकळे होता आले असते. पण ही दोन्ही बाजूंची बेरीज झाली, आणि बेरजेपेक्षा हवेने स्वतः दिलेली साक्ष मला अधिक प्रिय आहे.

ती साक्ष प्रथम ऐकली हान्स सूस या व्हिएन्नात जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने. वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरणांच्या माऱ्याने नत्रापासून कार्बन-14 हा किरणोत्सर्गी कर्ब अल्प प्रमाणात सतत तयार होत असतो. जिवंत झाड तो हवेतून घेते, झाड मेले की घेणे थांबते आणि आत असलेला साठा दर 5,730 वर्षांनी निम्मा होत जातो. पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याजोगे फारसे काही उरत नाही. मग पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या कोळशात त्याचा मागमूस कसा असावा? सूस यांनी लाकडातील कर्बाचा ॲसिटिलीन वायू केला, तो मोजणीच्या नळीत भरला, आणि त्यांना असे आढळले की, अलीकडे वाढलेल्या लाकडात एकोणिसाव्या शतकातील लाकडापेक्षा कार्बन-14 थोडा, पण निश्चितपणे कमी आहे. 1955 साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. हवेत कोठून तरी अतिप्राचीन, निःसत्त्व कर्ब मिसळत होता आणि झाडे तोच पिऊन वाढत होती.

येथे थोडे विषयांतर केल्यावाचून मला राहवत नाही. हे हान्स सूस ज्यांचे नातू ते एडुआर्ड सूस म्हणजे गतशतकाआधीच्या शतकातील थोर भूशास्त्रज्ञ. दक्षिणेकडील खंडे एकेकाळी एकसंध होती असे मानून त्या भूमीला त्यांनी गोंडवनलँड हे नाव दिले, आणि ते उचलले आपल्या गोंडवनातील खडकांच्या नावावरून. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूस येथील खाणींत जो कोळसा निघतो तो याच गोंडवन थरांतला. आजोबांनी ज्या थरांच्या नावावरून लुप्त खंडाचे बारसे केले, तशाच थरांतील कोळशाचा धूर नातवाला झाडाच्या वलयांत सापडावा, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर मी त्याला अतिरंजित म्हटले असते.

परंतु साताऱ्याचे गुरुजी येथेच मला अडवतील, आणि ते योग्यच होईल : ज्वालामुखीच्या कर्बातही कार्बन-14 नसतोच! खरे आहे. सूस यांच्या शोधाने जंगले सुटतात, कारण कुजणाऱ्या वा जळणाऱ्या झाडांत तो कर्ब असतो. ज्वालामुखी मात्र सुटत नाही. त्याच्या सुटकेसाठी दुसरा साक्षीदार लागतो, तो म्हणजे स्थिर असा कार्बन-13. वनस्पती अन्न घेताना हलका कार्बन-12 पसंत करतात, म्हणून पुरातन वनस्पतींपासून झालेला कोळसा आणि सूक्ष्म जीवांपासून झालेले खनिज तेल दोन्ही कार्बन-13 च्या बाबतीत दरिद्री असतात. ज्वालामुखीचा कर्ब तसा नाही, तो हवेतील कर्बापेक्षाही किंचित संपन्न आहे. वाढ ज्वालामुखीमुळे झाली असती तर हवेतील कार्बन-13 चे प्रमाण चढले असते. ते दशकानुदशके उतरत आहे. तिसरी साक्ष कीलिंग यांचे पुत्र राल्फ यांनी मिळविली : 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी प्राणवायू इतक्या सूक्ष्मतेने मोजला की, दरसाल दहा लाखांत चारेक भागांची घट स्पष्ट दिसली. ज्वालामुखीला प्राणवायू खर्ची घालण्याचे कारण नाही, ज्वलनाला आहे. (श्वासोच्छ्वासाची चिंता कोणी करू नये, दहा लाखांत दोन लाखांहून अधिक भाग प्राणवायूच आहे.)

आता एक गोष्ट, जी मला क्योटोच्या अलीकडेच सांगून टाकावीशी वाटते. अणुस्फोटांच्या चाचण्यांनी 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात हवेतील कार्बन-14 जवळजवळ दुप्पट करून ठेवला होता. 1963 मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी उघड्या हवेतील चाचण्या बंद करण्याचा करार केला, आणि समुद्र व वनस्पती जसजसा तो कर्ब शोषू लागल्या तसतसा तो आकडा खाली येत गेला. म्हणजे राष्ट्रांनी शब्द पाळला की हवा त्याची पोच देते. कर्बवायूच्या करारांची पोच पाहा : 1958 साली दहा लाखांत 315 भाग होते, रिओच्या 1992 च्या परिषदेच्या वर्षी 356, क्योटोच्या 1997 मध्ये 364, पॅरिसच्या 2015 मध्ये 401, आणि 2024 मध्ये सुमारे 425. रिओच्या कराराने उद्दिष्ट ठेवले होते ते हवेतील प्रमाण स्थिर करण्याचे. क्योटोने हिशेब मागितला तो राष्ट्रांनी स्वतःच लिहून पाठविलेल्या उत्सर्जनाचा. या दोहोंतील अंतर हेच, माझ्या मते, गेल्या तीस वर्षांच्या मुत्सद्देगिरीचे खरे दुखणे आहे.

त्याचा तपशील पुढील आठवड्यात, आणि या वेळी खरोखरच. तोवर वाचकांनी 1990 हे एकच साल ध्यानात ठेवावे. क्योटोचे बहुतेक हिशेब तेथून सुरू झाले आणि बहुतेक तंटेही.