थरथर पाइपातून येत नाही

पावसाळ्याच्या आत घर झाकलं जावं म्हणून एप्रिल-मे महिन्यांत राजुरी, बेल्हे, आळेफाटा या पट्ट्यात स्लॅबची झुंबड उडते. मिक्सर, लिफ्ट, पाट्या, नारळ-पेढे सगळं जमतं आणि कोपऱ्यात व्हायब्रेटरची मोटर ठेवलेली असते. तिला जोडलेला काळा पाइप सळयांवरून लोळत जातो आणि त्याच्या टोकाची लोखंडी नीडल कुणीतरी ओल्या काँक्रीटमध्ये खुपसतो. बघ्यांपैकी एकजण हमखास समजावून सांगतो, ‘‘मशीन थरथरतं, ती थरथर पाइपातून खाली येते आणि माल बसतो.’’

हे वाक्य गवंड्यांकडून ऐकलं आहे, घरमालकांकडून ऐकलं आहे आणि सिव्हिलचा डिप्लोमा करणाऱ्या पोरांकडूनही ऐकलं आहे. ते साफ चूक आहे. नुसतं पुस्तकात चूक असतं तर सोडून दिलं असतं, पण त्यापायी शाफ्ट तुटतात, स्लॅबला खालून जाळी दिसते आणि क्वचित माणसाला करंटही बसतो. म्हणून जरा सविस्तर.

पाइपातून थरथर येत नाही. येतं ते फक्त फिरणं. रबरी पाइपाच्या आत पोलादी तारांचा पीळ देऊन, थरावर थर चढवून केलेला दांडा असतो. एक थर उजवीकडे पिळलेला, त्यावरचा डावीकडे, असं आलटून पालटून. त्यामुळे तो कुठेही वाकतो, पण स्वतःभोवती पिळला जात नाही. मोटरीचा आस इकडे एक फेरा फिरला की तिकडे नीडलीच्या तोंडाशीही एक फेरा होतो.

जुन्या बजाज स्कूटरचा किंवा हिरो होंडाचा किलोमीटरचा काटा आठवा. पुढच्या चाकापासून मीटरपर्यंत एक केबल यायची. तिच्या आत बारीक तार गोल फिरायची आणि काटा हलायचा. ब्रेकची केबलही दिसायला तशीच, पण ती ओढली जाते; मीटरची केबल फिरते. व्हायब्रेटरचा पाइप या दुसऱ्या जातीतला, फक्त जाड आणि ताकदीचा.

मग थरथर येते कुठून? ती नीडलीच्या आतच तयार होते. आपल्याकडच्या बऱ्याच नीडलींत एक जड लोखंडी दांडा लंबकासारखा लोंबता बसवलेला असतो. शाफ्ट त्याला फिरवतो. फिरताना तो नीडलीच्या आतल्या गोल भिंतीला टेकतो आणि तिच्यावरून घरंगळत जातो. दांडा आणि भिंत यांच्यात जागा थोडीच असल्याने शाफ्टच्या एका फेऱ्यात तो भिंतीभोवती साधारण चार वेळा घरंगळून येतो. मोटर मिनिटाला २८०० फेरे फिरते, तर नीडल मिनिटाला दहा-बारा हजार वेळा हादरते ती यामुळे. थरथर पाइपातून आली असती, तर २८०० फेऱ्यांच्या मोटरीतून बारा हजार हादरे कुठून निघाले असते?

याहून सोपा पुरावा रोज साइटवर डोळ्यांसमोर घडतो. मोटर चालू केली, पाइपाच्या आत शाफ्ट गरगर फिरतो आहे, तरी नीडल गप्प असते. मग कामगार ती फळीवर हलकेच आपटतो आणि ती एकदम गुरगुरू लागते. ‘ठोकल्याशिवाय चालू होत नाही’ हे सगळ्यांना पाठ, पण का, हे विचारायला कुणी थांबत नाही. आतला दांडा मधोमध फिरत होता, भिंतीला टेकलाच नव्हता. ठोकल्यावर टेकला आणि घरंगळायला लागला. ठोकेपर्यंत फिरणं होतं, थरथर नव्हती. एवढा ढळढळीत पुरावा हातात धरून माणूस पुन्हा ‘थरथर पाइपातून येते’ म्हणतो, तेव्हा काय करावं?

(सगळ्याच नीडली अशा नसतात. काहींत एका बाजूला जड असलेलं वजन सरळ शाफ्टच्याच वेगाने फिरतं. त्यांना ठोकावं लागत नाही, पण शाफ्टच मुळात जास्त वेगाने फिरवावा लागतो.)

जड यंत्र जमिनीवर ठेवायचं, हातात फक्त हलकं हत्यार घ्यायचं आणि दोघांमध्ये वाकणारा फिरता दुवा टाकायचा, ही युक्ती काँक्रीटच्या व्हायब्रेटरपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या जेम्स मॉरिसनने १८७१ साली पायाने चालवायच्या दातांच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. डॉक्टर खाली पाय मारायचा आणि ड्रिल रुग्णाच्या तोंडात फिरायचं. ऑस्ट्रेलियात फ्रेडरिक वूल्झली या मेंढपाळाने लोकर कातरायचं यंत्र तयार केलं आणि १८८८ साली डनलॉप नावाच्या तिथल्या मोठ्या मेंढवाड्यात अख्खा हंगाम यंत्राने कातरला गेला. शेडमध्ये वर एक लांब फिरता दांडा आणि त्यापासून प्रत्येक कातरणाऱ्याच्या हातापर्यंत सांधे असलेली नळी, अशी ती मांडणी. तिथेही नळीतून फक्त फिरणं यायचं. कातरीची डावी-उजवी हालचाल हातातल्या हत्याराच्या आत तयार व्हायची. जुन्नर-आंबेगावच्या माळावर धनगर दख्खनी मेंढ्या हातातल्या कातरीनेच कातरत आले, म्हणून हे यंत्र आपल्याला अनोळखी. गवत कापायचा ब्रशकटर मात्र ओळखीचा. त्याच्या नळीतूनही फिरणंच जातं आणि पात्याजवळच्या गिअरमध्ये दिशा बदलते. पाठीवर इंजिन घ्यायच्या ब्रशकटरमध्ये तर व्हायब्रेटरसारखाच वाकणारा शाफ्ट असतो.

आता या गैरसमजाने साइटवर काय होतं ते पाहू.

पहिलं म्हणजे पाइपाचे हाल. नुसती थरथर वाहणारी नळी म्हटल्यावर ती कशीही मुडपली तर काय बिघडलं, असं वाटतं. कॉलमच्या सळयांमध्ये काटकोनात दाबतात, त्यावरून पाटीवाले चालतात, काम झालं की घट्ट वेटोळं करून टेम्पोत फेकतात. आत फिरता पोलादी दांडा आहे हे माहीत असेल, तर कुणी असं करणार नाही. तीव्र वळणावर तो बाहेरच्या नळीला घासतो, तापतो आणि त्याच जागी तुटतो. चालताना पाइप मोठ्या गोलाईतच वळला पाहिजे. पाइपाला एखाद्या जागी हात लावून चटका बसला, तर तिथे वळण जास्त आहे किंवा ग्रीस संपलं आहे असं समजावं.

दुसरं, ‘पाइप लांब घेतला की थरथर कमी पोचते’ ही समजूत. फेरे दोन्ही टोकांना सारखेच असतात. तसे नसतील तर शाफ्ट पिळवटून तुटेल. लांबी आणि वळणं वाढली की वाढतं ते घर्षण, म्हणजे मोटरीवरचा भार. एवढा बारीक शाफ्ट एवढी ताकद नेतो कसा, हेही इथेच सांगतो. ताकद म्हणजे पीळ गुणिले वेग. २ एच. पी.ची मोटर २८०० फेऱ्यांनी फिरते तेव्हा शाफ्टवर जेमतेम ५ न्यूटन-मीटर पीळ येतो. तीच ताकद ३०० फेऱ्यांनी न्यायची म्हटली, तर पीळ नऊपट होईल आणि हातात धरवणार नाही असा जाड दांडा लागेल. वेग जास्त म्हणून शाफ्ट बारीक आणि शाफ्ट बारीक म्हणून हत्यार हातात मोकळं फिरतं.

तिसरं, मोटर उलटी फिरली तरी चालतं, हा समज. थ्री-फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. ‘थरथर काय, सुलट-उलट सारखीच.’ थरथरीचं सोडा, शाफ्टचं काय? त्याचा सर्वांत बाहेरचा थर एकाच दिशेला फिरताना आवळला जातो. उलट दिशेला तो उकलायला लागतो. मोटरीवर बाण रंगवलेला असतो तो शोभेला नाही.

चौथं, ‘पेट्रोलचा व्हायब्रेटर जास्त हादरतो म्हणून भारी.’ इंजिन हादरतं ते स्वतःच्या धक्क्यांनी. त्यातला एकही हादरा काँक्रीटला मिळत नाही. वीज नसताना काम अडत नाही, एवढाच त्याचा फायदा, आणि आपल्या भागात तो मोठाच आहे. पण इंजिन सेंट्रिंगवर ठेवून ‘खालूनही थोडं व्हायब्रेशन मिळतंय’ म्हणणाऱ्याला स्लॅबवरून खाली उतरवा.

आणि ग्रीस. शाफ्टला पातळ थर हवा, लोंदा नको. जादा ग्रीस फिरत फिरत नीडलीत उतरलं, की आतला दांडा भिंतीवर घरंगळायच्या ऐवजी घसरतो आणि नीडल मरते. मग सगळे मोटरीला शिव्या देतात.

सर्वांत धोक्याचा गैरसमज वेगळाच आहे: ‘मोटर लांब आहे, पाइप रबरी आहे, शॉक लागत नाही.’ मोटर ओल्या काँक्रीटपासून दूर राहते हे खरं आणि या पद्धतीचा तो खरा गुण आहे. पण रबर फक्त वरून आहे. आत पोलादी शाफ्ट आहे, शेवटी लोखंडी नीडल आहे आणि ती धरणारा माणूस ओल्या पायांनी सळयांवर उभा आहे. मोटरीच्या अंगावर करंट उतरला तर त्याला नीडलीपर्यंत यायला आयताच रस्ता आहे. मोटरीला अर्थिंग हवंच, आणि ३० मिलिअँपिअर करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी हवा. उघड्या वायरी काडीने प्लगात खोचून व्हायब्रेटर चालवणाऱ्या ठेकेदाराला मालकाने तिथल्या तिथे थांबवावं. शेजारी काय म्हणतील याची काळजी करू नये.

‘व्हायब्रेटर नसला तरी चालतं, सळईने टोचलं की झालं’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन आकडे. ओतलेल्या काँक्रीटमध्ये ५ ते २० टक्के हवा अडकलेली असू शकते. आणि नेव्हिल यांच्या ‘प्रॉपर्टीज ऑफ काँक्रीट’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या ग्रंथानुसार ५ टक्के पोकळी राहिली तर मजबुती ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते. २ टक्के राहिली तरी दहाहून अधिक टक्के जाते. सिमेंटची एक गोणी वाढवून ही तूट भरत नाही. भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) मध्ये काँक्रीट यांत्रिक व्हायब्रेटरने बसवावं असं स्पष्ट लिहिलं आहे. जास्त आणि कमी, दोन्ही व्हायब्रेशन घातक, हेही त्याच कलमात आहे. फार पातळ मालाला व्हायब्रेटर लावू नये, हेही तिथेच. ‘मिस्त्री, पाणी वाढवा, माल सरकत नाही’ म्हणणाऱ्या मालकांनी हे शेवटचं विशेष वाचावं.

बाकीचे किरकोळ. नीडल सळईला टेकवली की थरथर सगळीकडे पोचते? सळई हलते, कव्हर ब्लॉक सरकतात, आणि पलीकडचं काँक्रीट आवळायला लागलं असेल तर सळईची पकड सुटते. नीडलीने माल ओढून पसरवता येतो? रस पुढे जातो, खडी मागे राहते. पसरवायला फावडं आहे. जितका वेळ जास्त तितकं पक्कं? बुडबुडे थांबले, वर चकाकी आली की काढा. बहुतेक वेळा ५ ते १५ सेकंदांत होतं. घालायची झटकन, काढायची सावकाश, म्हणजे भोक मागे राहत नाही. ४० मि. मी.च्या नीडलीला पुढची जागा साधारण फूटभर अंतरावर. चार-पाच इंची स्लॅबमध्ये नीडल उभी बुडत नाही, म्हणून तिरपी धरायची. आणि चालू नीडल हवेत धरून गप्पा मारायच्या नाहीत: तिचे बेअरिंग काँक्रीटनेच थंड राहतात.

पाइपाचा जमाना गेला, आता मोटर नीडलीतच असते? असते, मोठ्या प्रकल्पांवर, जास्त वारंवारतेची वीज देणारं वेगळं यंत्र सोबत घेऊन. राजुरीत भाड्याने मिळतो तो पाइपाचाच, आणि नीट वापरला तर तो पुरेसा आहे.

स्लॅबच्या दिवशी मालकाने पेढ्यांआधी तीन गोष्टी बघाव्यात: मोटरीचं अर्थिंग, फिरण्याचा बाण आणि एक जादा शाफ्ट नीडलीसकट. हा जादा शाफ्ट गच्चीवर आल्याशिवाय मिक्सर सुरू करू देऊ नका. अर्ध्या स्लॅबवर शाफ्ट तुटला तर आळेफाट्याहून दुसरा येईपर्यंत काँक्रीट थांबत नसतं.