आठवणींचे दगड

यार्देन नदी उतरून आल्यावर इस्राएल लोकांनी तिच्या पात्रातील बारा दगड उचलून गिलगाल येथे उभे केले, ही कथा शास्त्राच्या तासाला आपण ऐकली आहे. पुढे मुलांनी या दगडांचा अर्थ विचारावा व वडिलांनी तो सांगावा, हा त्यातील हेतू. दगड आपण होऊन बोलत नाहीत; त्यांच्यापाशी सांगणारा मनुष्य असावा लागतो. गावाच्या इतिहासाचेही असेच आहे.

लहान गावाला कसला आला इतिहास, असे पुष्कळांस वाटते. त्यांनी वाईकडे पाहावे. कृष्णाकाठच्या या गावी मिळालेल्या जुन्या कागदांतूनच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. पानिपतच्या काळातील ती पत्रे होत. पुढे राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून घरोघरची दप्तरे मिळविली. ज्या घरी ते पोहोचण्यापूर्वी वाळवी पोहोचली, तेथील इतिहास मात्र कायमचा गेला.

वाईजवळच मेणवली येथे एक मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतून ती आली असे सांगतात. तिच्यावर १७०७ हे साल आहे; म्हणून ती मंदिरापाशी टांगलेली असली तरी मूळची कोणत्या काळची, हे आजही कळते. आपल्या घरातील तांब्यापितळेच्या भांड्यांवरही नाव व तारीख घातलेली असते. पणजीच्या लग्नातील घागर त्यामुळेच ओळखू येते. नवल हे की, भांड्यावर आपण नाव घालतो, आणि माणसांच्या फोटोवर घालीत नाही!

या चुकीचे फळ आम्ही स्वतः भोगले आहे. आमच्यापाशी शाळेतील शिक्षक व विद्यार्थी यांचा एक जुना फोटो आहे. त्यात एकेचाळीस चेहरे आहेत. गावातील एका वृद्ध बाईंनी चष्मा पुसून पुसून त्यांतील सात जण ओळखले. बाकीचे आठवून ठेवते, म्हणाल्या. परीक्षा आटोपल्यावर पुन्हा येतो, असे सांगून आम्ही निघालो. परीक्षा आटोपल्या, परंतु त्यापूर्वीच त्या प्रभूकडे गेल्या. चौतीस माणसे आजही त्या चौकटीतून आमच्याकडे पाहत आहेत, आणि आम्हांस त्यांचे नाव घेता येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी या सुटीत एवढे करावे. घरच्या वडीलधाऱ्या मंडळींजवळ बसून जुने फोटो, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, पत्रे पाहावीत. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता, डावीकडून उजवीकडे नावे, स्थळ, प्रसंग व साल लिहावे. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’ असे लिहावे. माहिती कोणी सांगितली तेही नोंदवावे. शाईने लिहू नये. ती पुढच्या बाजूस उतरते. गोंद वा चिकटपट्टी लावू नये. ओल्या फडक्याने फोटो पुसू नये. उन्हाने चित्र फिके पडते व पावसाळी ओलीने बुरशी येते. यास्तव फोटो कोरड्या कपाटात ठेवावेत, बाहेरच्या भिंतीवर टांगू नयेत.

शेजाऱ्यांकडील वस्तू मागून आणू नये. त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच घरी, मोबाइलवर तिचे दोन्ही बाजूंनी चित्र घ्यावे व त्याची प्रत दोन ठिकाणी ठेवावी. कारण मोबाइलही बिघडतो व हरवतो. वस्तू ज्याची त्याच्या घरी राहिली म्हणजे विश्वास टिकतो, आणि पुढचे दारही उघडते.

पालकांस आमची विनंती एवढीच की, घर आवरताना जुनी ट्रंक रद्दीत घालण्यापूर्वी ती एकदा मुलांसमोर उघडावी. मूल विचारील, “हे कोण?” त्या वेळी हातातील काम क्षणभर बाजूस ठेवून उत्तर द्यावे. यार्देनेचे दगड याच प्रश्नासाठी उभे केले होते.