एका जागेवर किती घरे?

शहरात घर मिळेना, की आपण दोष देतो तो सिमेंटच्या भावाला, नाहीतर मालकाच्या लोभाला. परंतु पुष्कळदा घर अडते ते नगररचनेच्या नकाशावर. कोणत्या विभागात काय बांधावे, किती उंच बांधावे, सभोवार किती जागा सोडावी, हे नियमांनी ठरते. एका जागेवर एकच घर असा नियम असला, म्हणजे पैसा व गवंडी हाताशी असूनही दुसरे उभे राहत नाही.

हे नियम सैल केले तर काय होते, हे न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात पाहावयास मिळते. आपली मराठी मंडळीही तेथे बरीच आहेत. पाव एकराच्या तुकड्यात मधोमध एक बैठे घर, पुढे हिरवळ, मागे परसू, ही तेथील जुनी हौस. लोक वाढले तशी घरे लांब सरकली आणि भाडी चढली.

२०१० साली आसपासच्या नगरपालिका मोडून तेथे एकच महापालिका झाली, हे फार बरे झाले. लहान नगरपालिका आपल्या रहिवाशांना भिऊन असते. ‘घरे हवीत, पण आमच्या गल्लीत नकोत’ हे आपल्याकडेही ऐकू येतेच की! विकास योजनेवर हरकती मागविल्या की घरवाला हजर असतो. ज्याला घरच नाही तो दुसऱ्या गावी भाड्याने राहत असतो.

नव्या महापालिकेने २०१६ मध्ये राहत्या वस्तीच्या सुमारे तीन चतुर्थांश जमिनीवर अधिक दाट बांधकामास मोकळीक दिली. कोठे दोन मजले, कोठे तीन, बाजारपेठांजवळ त्याहून उंच. घर पाडण्याची सक्ती कोणावरही नव्हती. ज्याने विकले, त्याच्या तुकड्यावर एकमेकांस लागून चार-पाच घरे उठू लागली. जमीन महागली खरी, पण तिची किंमत चार-पाच कुटुंबांत वाटली गेली. सारी गोम इथेच आहे.

वर्षाला सुमारे १० हजार घरांना परवाने मिळत, ते २०२१ पर्यंत २० हजारांवर गेले. तेथील विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे, ही सुधारणा झाली नसती तर जेवढी भाडी झाली असती, त्यापेक्षा सहा वर्षांनी ती सुमारे पाव हिश्शाने कमी राहिली. हा हिशेब सर्वच तज्ज्ञांना मान्य नाही.

अगदी गरिबांची सोय मात्र एवढ्याने होत नाही. त्यांच्यासाठी सरकारी घरे लागतातच. शिवाय घरांबरोबर गटारेही वाढावी लागतात. जानेवारी २०२३ मध्ये ऑकलंडला मोठा पूर आला, तेव्हापासून पाणी साचणाऱ्या सखल भागांत किती दाटी होऊ द्यावी, हा नवा वाद तेथे उभा राहिला.