डोळा चोळू नका, आधी धुवा

भाद्रपदातला रविवार. कासच्या फुलांना निघालेली गाडी साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबते. टपरीमागे कमरेएवढं गाजर गवत पांढऱ्या फुलांनी डवरलेलं. थोड्याच वेळात मुलाचा उजवा डोळा खाजू लागतो. तो मुठीने चोळ चोळ चोळतो, आणि गाडी पुन्हा हमरस्त्याला लागेपर्यंत पापणी टम्म सुजते. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग तर शिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक होऊन वर आलेला. ते पाहून आईचे हातपाय गळतात.

असा डोळा भयंकर दिसतो, पण बहुतेक वेळा धोका तितका नसतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, सैलसर पडदा असतो. परागकण, धूळ किंवा मांजराच्या अंगावरचा कोंडा तिथे पोचला, की ॲलर्जी असलेल्या माणसाच्या पडद्यातल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि तो द्रव सैल पडद्याखाली साचतो. चोळल्याने या पेशी आणखी हिस्टामिन ओततात, म्हणून खाज भागण्याऐवजी वाढते.

हे दुखणं जुनं आहे. जॉन बोस्टॉक या डॉक्टरने १८१९ साली लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे दर उन्हाळ्यात खाजणाऱ्या, वाहणाऱ्या डोळ्यांची जी हकिगत मांडली, ती त्याची स्वतःचीच होती. ‘ॲलर्जी’ हा शब्द मात्र १९०६ मध्ये आला. आपल्याकडच्या गाजर गवताकडे पुण्यात लक्ष गेलं ते १९५५च्या सुमारास; परदेशी गव्हाबरोबर ते आलं, असं मानतात.

हे डोळे येणं नव्हे. डोळे आले की चिकट घाण येते, पापण्या चिकटतात, घरात एकामागून एक सगळ्यांना लागण होते. ॲलर्जीत खाज सर्वांत जास्त, पाणी पातळ, आणि ती शेजारच्या प्रवाशाला लागत नाही.

मग गाडीत काय करायचं? खिडक्या लावून घ्यायच्या. हात आणि चेहरा धुवायचा. लेन्स असेल तर काढून ठेवायची. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन, गार बाटली रुमालात गुंडाळून मिटल्या पापणीवर पाच-दहा मिनिटं धरायची. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेले ॲलर्जीचे थेंब असतील तर ते घालावेत. सेटिरिझिनच्या गोळीने झोप येऊ शकते. गाडी चालवणाऱ्याने ती टाळावी. गुलाबपाणी, मध डोळ्यात घालू नये. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंबही नकोत: लाली झटकन जाते, पण वापर लांबला तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो.

रुईचा चीक डोळ्यात उडाला तर ती ॲलर्जी समजू नये. भरपूर पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावं. डोळा ठणकत असेल, अंधूक दिसत असेल, उजेड सोसत नसेल, तरीही तेच. ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली तर १०८ नंबर फिरवावा.

अशी सूज बहुधा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरते. कासच्या वाटेवरचा मुलगा बाटली डोळ्यावर धरून बसलेला असतो, आणि दुसरा हात पुन्हा डोळ्याकडे जाऊ नये म्हणून आईने तो आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवलेला असतो.