वाळवंटातल्या तळ्याकाठी बिऱ्हाड

तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? गर्द झाडी, गार वारा आणि चुलीवरचा चहा. लेक मीडला यांपैकी चहा तेवढा नक्की मिळतो. तोही आपला आपण केला तर! अमेरिकेच्या नेवाडा आणि अ‍ॅरिझोना या राज्यांच्या सीमेवर, लास व्हेगास शहरापासून मोटारीने तासाभराच्या आत, उघड्याबोडक्या डोंगरांच्या कुशीत हे अफाट पाणी पसरले आहे. कोलोराडो नदीवर १९३५ साली हूव्हर धरण उभे राहिले आणि त्याच्या मागे हे तळे साठले. पुढे १९६४ साली कायदा करून या टापूला ‘राष्ट्रीय विहारक्षेत्र’ असा दर्जा देण्यात आला. त्या देशातले हे अशा प्रकारचे पहिलेच क्षेत्र. तळे माणसाने केलेले असले तरी काठ अस्सल वाळवंटाचा आहे, आणि तिथे बिऱ्हाड मांडायचे तर ही गोष्ट क्षणभरही विसरून चालत नाही.

आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. तिथून ही वाट पाच तासांची. पण इतक्या वर्षांत आम्ही कधी तिकडे फिरकलो नव्हतो. यंदा बेत ठरला तो सासूबाईंमुळे.

त्यांचे माहेर जावळी तालुक्यातले. कोयना धरणाच्या शिवसागरात ते गाव गेले, तेव्हा त्या तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. घरदार सोडून मंडळी कुलाबा जिल्ह्यात आली. ही हकिकत त्या कधी आपण होऊन सांगत नाहीत. या जूनमध्ये सहा महिन्यांसाठी त्या आमच्याकडे आल्या, आणि एका रात्री नातीच्या पुस्तकात त्यांनी सेंट टॉमसचे चित्र पाहिले.

सेंट टॉमस हे लेक मीडच्या पोटात गेलेले गाव. मॉर्मन पंथाच्या लोकांनी ते १८६५ साली वसवले. आपण नेवाडात नाही अशा समजुतीने ते राहत होते. पण मोजणी झाली, गाव नेवाडातच निघाले आणि त्या राज्याने करासाठी तगादा लावला. बहुतेक मंडळी १८७१ साली उठून गेली. दहा-एक वर्षांनी गाव पुन्हा वसले, आणि मग धरण आले. १९३८ च्या जूनमध्ये पाणी उंबऱ्याला लागले, तेव्हा ह्यू लॉर्ड नावाचा शेवटचा रहिवासी होडीत बसून निघून गेला म्हणतात. पण तळ्याची पातळी उतरत गेली आणि या शतकाच्या सुरुवातीपासून गाव उघडे पडले आहे. घरांचे चौथरे, पाण्याच्या टाक्या, झाडांचे वाळके बुंधे आणि आइस्क्रीमच्या दुकानाच्या उभ्या भिंती तिथे दिसतात. आमच्या चिरंजिवांना गावाविषयी आस्था वाटू लागली ती या शेवटच्या वास्तूमुळे!

“बुडालेले गाव परत वर आले?” सासूबाईंनी दोनदा विचारले. मग म्हणाल्या, “मला नेता येईल का ग तिथे?” त्या एरवी काही मागणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यामुळे ‘जमेल का’ हा प्रश्न तिथेच संपला आणि ‘कसे जमवायचे’ हा सुरू झाला.

पहिला वाद महिन्याचा. यांचे म्हणणे जुलैत जाऊ, मुलांच्या शाळा बंद असतात. मी साफ नकार दिला. जुलैत तिथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि सेंट टॉमसची फेरी अडीच मैलांची, सावलीचा भरवसा नसलेली. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला अशा उन्हात नेणे म्हणजे हौस नव्हे, अविचार आहे. शेवटी नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी ठरली. तेव्हा दुपार आपल्या पुण्याच्या डिसेंबरसारखी सुखाची. रात्री मात्र पाच-सहा अंशांची बोचरी थंडी. शिवाय साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे पहाटे घर सोडायचे आणि तीनच्या आत तंबू उभा करायचा. अंधारात काठ्या शोधत बसण्याची मौज दुसऱ्या कोणी घ्यावी.

मुक्काम बोल्डर बीचच्या तळावर करायचा. मेज, शेगडी, नळ आणि शौचालय यांची सोय आहे, थोडी झाडेही आहेत. तिथून सेंट टॉमस दीड तासाच्या वाटेवर. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता. त्यामुळे तो दिवस फक्त त्याच कामासाठी राखला आहे.

इथे एक विलक्षण अडचण अशी, की जुना नकाशा घेऊन गेलात तर तळे जागेवर सापडत नाही! १९८३ साली ते काठोकाठ भरले होते. २०२२ च्या जुलैत पाणी त्याहून सुमारे १८५ फूट खाली होते. हंड्याला आतून क्षारांचा थर धरतो ना, तसा पांढरा पट्टा सबंध डोंगरांना चढला आहे. कित्येक ठिकाणी होड्या उतरवायच्या उतरंडी कोरड्या पडल्या. होडी भाड्याने घेण्याचा यांचा मनसुबा म्हणूनच मी बाजूला सारला. पोहण्यावर पहाऱ्याला जीवरक्षक नसतात, तेव्हा मुलांनी घोट्याच्या वर पाण्यात जायचे नाही. धरणाखालच्या गरम झऱ्यांचेही यांना आकर्षण आहे. त्या पाण्यात मेंदूला घातक असा सूक्ष्म जीव असू शकतो आणि तो नाकावाटे शिरतो, म्हणून डोके बुडवू नये अशी सूचना आहे. माझ्या मते पायही न बुडवलेला बरा.

सामानाचे म्हणाल तर तंबूपेक्षा मेखांचा विचार अधिक करावा. जमीन खडकाळ आणि वारा दांडगा, त्यामुळे तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक तारेच्या मेखा कुचकामाच्या. लांब पोलादी मेखा आणि हातोडा घेतला आहे. माणशी रोज एक गॅलन पाणी धरावे. आम्ही पाच जण, तीन दिवस, म्हणजे सुमारे ५७ लिटर. “तळ्यावर जाताना घरून पाणी न्यायचे?” म्हणून सासूबाईंना हसू आवरेना. खाण्याला दशम्या, भाजणी, मेतकूट आणि दिवाळीतून वाचेल तो चिवडा. रात्री सगळे डबे मोटारीत कुलपात, कारण कायोटी हा तिथला कोल्ह्याचा भाऊबंद फार चौकस. सासूबाईंसाठी घडीची खाट आणि दोन रजया.

नियम वाचून दाखवताना मी त्यांना सांगितले, की त्या गावातली वस्तू उचलून आणता येत नाही.

“खडासुद्धा नाही?”

“खडासुद्धा नाही.”

“बरे,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने माझ्या यादीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली : घडीची खुर्ची. अडीच मैल चालणे जमले नाही तर निम्म्या वाटेत बसता येईल, असे मला वाटले. तसे नव्हते. मुले आइस्क्रीमचे दुकान पाहायला जातील, तोवर त्यांना तिथल्या एखाद्या घराच्या चौथऱ्यासमोर एकटीने बसायचे आहे.