वीस सेकंदांचा मालक कोण?

फंक संगीताचं सगळं श्रेय गायक जेम्स ब्राऊनला देण्याची रीत आहे. पण त्यातला मोठा वाटा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डचा (१९४३–२०१७) मानायलाच हवा. टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात कारखान्यांचे ठोके आणि आगगाड्यांची धडधड ऐकत तो वाढला. १९६५ मध्ये ब्राऊनच्या ताफ्यात आला. २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटीत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात बाकीची वाद्यं थांबतात आणि वीसेक सेकंद तो एकटा वाजवतो. स्नेअर ड्रमवरचे ते हलके, कुजबुजल्यासारखे ठोके (खरी जादू त्यांतच आहे) पुढे पब्लिक एनिमी या गटाच्या ‘फाइट द पॉवर’सह शेकडो हिप-हॉप गाण्यांचा पाया झाले.

तो पगारी वादक होता, गाणं ब्राऊनच्या नावावर होतं, मग त्या वीस सेकंदांवर त्याचा हक्क कसला, असं कुणी म्हणेल. कायद्याच्या भाषेत ते बरोबरच आहे. पण कायदा रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची मालकी ओळखतो, वादकाच्या ठेक्याची नाही. आणि पुढच्या पिढीनं त्या गाण्यातून उचलला तो नेमका ठेकाच. सुरावट नाही, शब्द नाहीत. त्या शेकडो गाण्यांच्या कमाईतून स्टबलफील्डच्या हाती जवळपास काहीच पडलं नाही.